रवणीवरची अंडी आणि परसातली पिल्ले : वाचकांचे प्रश्न

परसातील कोंबड्यांविषयी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत दिसते. अंडी रवणीला, म्हणजे कोंबडीच्या उबवण्याच्या जागी, बसवली, पण पिल्ले अपेक्षेइतकी निघाली नाहीत. किंवा निघाली आणि महिन्याभरात संपली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. सुरुवातीलाच एक आग्रह मांडतो. घरच्या उबवणीचा हिशेब पिल्ले निघतात त्या एकविसाव्या दिवशी करू नये, तो आठव्या आठवड्याच्या शेवटी करावा. बारा अंड्यांतून दहा पिल्ले निघून त्यांतील तीनच जगली, तर सात निघून सहा जगलेल्या घरापेक्षा ती उबवणी नक्कीच तोट्याची झाली.

प्रश्न : एप्रिलमध्ये आमची गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली. स्वयंपाकघरातल्या दुरडीत दोन-तीन आठवडे साठलेली पंधरा अंडी तिच्याखाली ठेवली. चारच पिल्ले निघाली, बाकीच्या अंड्यांना फोडताना घाण वास आला. कोंबडी तर अंड्यांवरून हलतही नव्हती. मग चुकले कोठे? (एक वाचक भगिनी, आटपाडी तालुका)

उत्तर : कोंबडीने तिचे काम केलेले दिसते. अंडी तिच्याखाली जाण्यापूर्वीच बरेच नुकसान होऊन गेले असावे.

फळलेल्या अंड्यातील जीव अंडे घातल्याच्या क्षणी वाढायला लागलेला असतो आणि अंडे थंड झाले की तो थांबतो. हे थांबणे नीट व्हावे यासाठी अंड्याभोवतीची हवा साधारण 20 अंशांच्या खाली असावी लागते. 13 ते 18 अंश सेल्सिअस हे सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत आटपाडी, जत, माण, खटाव या भागांत घरातले तापमानसुद्धा 35 अंशांच्या पुढे जाते. अशा उष्म्यात दुरडीतल्या अंड्यातील जीव दिवसा थोडा वाढतो, रात्री रेंगाळतो आणि चार-सहा दिवसांत मरून जातो. त्यानंतर कोंबडीने त्याला कितीही ऊब दिली, तरी आतला ऐवज नासण्यापलीकडे काही होत नाही. शिवाय उत्तम जागी ठेवलेले अंडेसुद्धा सात दिवसांच्या पुढे गेले की पिल्लू निघण्याची शक्यता घटत जाते, आणि दोन आठवड्यांनंतर ती फारच कमी उरते.

म्हणून रवणीसाठीची अंडी सात दिवसांच्या आतली घ्यावीत आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी. उन्हाळ्यात ती दिवसातून दोन-तीनदा गोळा करून मातीच्या माठात, निमुळते टोक खाली आणि रुंद टोक वर राहील अशी ठेवावीत. तो माठ सावलीतल्या ओल्या वाळूत निम्मा पुरून तोंडाला सुती फडके बांधले की आतला गारवा पुष्कळ टिकतो. घरातला फ्रीज या कामाला योग्य नाही, कारण तेथील चार-पाच अंशांची थंडी जिवाला सोसत नाही. अंडी धुवूही नयेत. कवचावर जो नैसर्गिक पातळ लेप असतो तो धुतल्याने जातो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत शिरते. विष्ठेने माखलेले अंडे खाण्याला घ्यावे, रवणीला घेऊ नये.

दुसरी गोष्ट संख्येची. पंधरा अंडी मध्यम अंगाच्या गावठी कोंबडीच्या पंखांखाली पूर्ण झाकली जात नाहीत. ती अंडी सतत खालीवर करीत असल्यामुळे कडेला पडणारे अंडे रोज वेगळे असते, आणि अशा रीतीने तीन अंड्यांपुरती उबेची उणीव सगळ्याच अंड्यांना थोडी थोडी बाधते. दहा ते बारा अंडी पुरेशी आहेत, आणि थंडीच्या दिवसांत दहाच ठेवावीत.

बसवण्याची वेळ संध्याकाळी उशिराची असावी, अंधार पडल्यावर कोंबडी नवी जागा सहज स्वीकारते. बांबूच्या पाटीत तळाला चाळलेली राख किंवा वाळू, तिच्यावर पेंढा किंवा वाळलेले गवत आणि गवताच्या थरात मूठभर कडुलिंबाचा पाला, अशी रवण करावी. एकवीस दिवस एकाच जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा आणि लाल गोचडी बेसुमार वाढतात; त्या चावल्या की चांगली बसलेली कोंबडीसुद्धा अंडी सोडून उठते. दाणा आणि पाणी रवणीपासून चार पावलांवर असावे. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटांसाठी उठून खाते, पिते आणि विष्ठा टाकून परत बसते. तसे ती उठत नसेल, तर तिला दोन्ही हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवावे. तुमची कोंबडी अंड्यांवरून हलतही नव्हती असे तुम्ही लिहिता. अशा कोंबड्या अन्नावाचून खंगतात, आणि शेवटच्या आठवड्यात रवणीतच विष्ठा टाकून अंडी माखतात.

सातव्या रात्री अंधारात प्रत्येक अंड्याच्या रुंद टोकाला मोबाइलची टॉर्च लावून पाहावे. जिवंत अंड्यात गडद ठिपक्याभोवती लाल शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे रूप दिसते. नुसता पिवळसर उजेड आरपार दिसला तर ते वांझ आहे. शिरांच्या जागी एकच लाल कडे दिसले तर जीव सुरुवातीलाच मेला आहे. ही दोन्ही प्रकारची अंडी तेव्हाच काढावीत, कारण नासलेले अंडे रवणीत फुटले तर चांगल्या अंड्यांनाही ते बाधते. आणि पेन्सिलीची खूण येथे पुन्हा उपयोगी पडते: घरातल्या दुसऱ्या कोंबड्या रवणीत येऊन अंडी घालतात, ती बिनखुणेची अंडी रोज बाहेर काढता येतात.

प्रश्न : मी थर्मोकोलच्या खोक्यात बल्ब आणि तापमान नियंत्रक बसवून अंडी उबवतो. तापमान 37.5 अंशांवर ठेवले होते, खोक्यात पाण्याची वाटीही होती. जुलैमध्ये ठेवलेल्या तीस अंड्यांपैकी निम्म्यांत पिल्ले पूर्ण वाढून आतच मेली. (एक वाचक, पाटण तालुका)

उत्तर : तुमच्या खोक्यात पंखा आहे की नाही हे पत्रात लिहिलेले नाही, आणि पहिला मुद्दा तोच आहे. पंखा असेल तर सगळीकडे हवा सारखी राहते आणि 37.5 ते 37.8 अंश हे माप बरोबर आहे. पंखा नसेल तर गरम हवा वर आणि थंड हवा खाली राहते. अशा खोक्यात तापमापकाचे टोक अंड्यांच्या वरच्या पातळीवर ठेवून तेथे 38.5 अंशांच्या आसपास माप यावे लागते. तळाशी ठेवलेला किंवा झाकणाला टांगलेला तापमापक तुम्हाला भलतेच सांगत राहील. संगणकाचा जुना छोटा पंखा बसवणे हा यावरचा स्वस्त आणि पक्का उपाय आहे.

पण पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेली, आणि तीही पाटणच्या पावसाळ्यात, यावरून माझा पहिला संशय ओलाव्यावर आहे. अंड्यातील पाण्याची वाफ कवचाच्या छिद्रांतून हळूहळू बाहेर जात असते आणि तितकीच जागा रुंद टोकाकडील हवेच्या कप्प्यात तयार होते. पिल्लू शेवटच्या दोन दिवसांत प्रथम याच कप्प्यात चोच घालून श्वास घेते. कोयनेच्या खोऱ्यातल्या जुलैच्या हवेत ओलावा मुळातच भरपूर असतो; त्यात वाटीभर पाणी ठेवले की अंड्यातले पाणी बाहेर जात नाही, हवेचा कप्पा लहान राहतो, पिल्लू सुजल्यासारखे होते आणि श्वास घेण्यापूर्वीच गुदमरते. उलट जत किंवा आटपाडीच्या एप्रिलमध्ये तीच वाटी अपुरी पडते, अंडे फार वाळते, आतली पातळ त्वचा पिल्लाच्या अंगाला चिकटते आणि त्याला फिरता येत नाही. म्हणून दुसऱ्याच्या खोक्यातील पाण्याचे प्रमाण जसेच्या तसे उचलू नये.

पहिले अठरा दिवस ओलावा 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के असावा, हे माप सर्वमान्य आहे. स्वस्त ओलावामापकांवर मात्र माझा विश्वास कमी आहे, त्यापेक्षा वजनकाटा खरे बोलतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे 12 ते 13 टक्के घटले पाहिजे. म्हणजे 45 ग्रॅमचे गावठी अंडे साडेएकोणचाळीस ग्रॅमच्या आसपास यायला हवे. सोनाराच्या कामासारखा लहान डिजिटल काटा घेऊन पाच-सहा अंडी ठेवतेवेळी, सातव्या आणि चौदाव्या दिवशी तोलावीत. सातव्या दिवशी घट 4 ते 5 टक्क्यांहून बरीच कमी असेल तर पाणी काढून टाकावे आणि हवेची भोके मोठी करावीत. जास्त असेल तर पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. ओलावा भांड्याच्या खोलीवर नव्हे, पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावर अवलंबून असतो.

अंडी दिवसातून किमान तीनदा, जमल्यास पाचदा फिरवावीत. संख्या विषम ठेवली म्हणजे रात्रभर अंडे रोज एकाच कुशीवर राहत नाही. पहिला आठवडा यात सर्वांत महत्त्वाचा, कारण न फिरवलेला जीव कवचाला चिकटतो. अठराव्या दिवशी फिरवणे पूर्ण थांबवावे. शेवटच्या तीन दिवसांत खोक्याचे झाकण उघडून वारंवार पाहण्याचा मोह आवरावा. ओलावा अशाने क्षणात जातो.

वीज गेली तर पहिल्या आठवड्यात एक-दोन तासांच्या थंडाव्याने फारसे बिघडत नाही. खोक्यावर घोंगडे टाकून ठेवावे. शेवटच्या आठवड्यात अंड्यांतील पिल्ले स्वतःची ऊब तयार करतात, तेव्हा घोंगडे टाकताना हवेची भोके मात्र बुजवू नयेत. खरा धोका तापमान वर जाण्याचा असतो. 40 अंशांच्या वर काही तास गेले तर थंडीने कधी होणार नाही इतके नुकसान होते, म्हणून नियंत्रक बिघडला आहे का याची खात्री दोन तापमापकांनी करावी.

प्रश्न : वळवाच्या विजांनी अंडी खराब होतात म्हणून आमच्याकडे रवणीत लोखंडी खिळा, कोळसा आणि लाल मिरची ठेवतात. यात तथ्य किती? (कवठेमहांकाळ तालुका)

उत्तर : विजेच्या कडकडाटाने कवचातला जीव मरत नाही. वळीव येतो तो काळच एप्रिल-मेचा, म्हणजे साठवलेली अंडी उष्म्याने आधीच बिघडण्याचा; आणि वादळी पावसात रवण गळते, कोंबडी बिथरून उठते आणि अंडी भिजून गार पडतात. दोष विजांवर जातो. खिळा आणि मिरची ठेवल्याने अपाय नाही, पण रवणीवर चांगले छप्पर असण्याची काळजी आधी घ्यावी.

प्रश्न : लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग (मादी) निघते असे माझी आजी सांगते. आम्हाला तलंगाच हव्या आहेत. (वाई तालुका)

उत्तर : पक्ष्यांत पिल्लाचे लिंग आईकडून ठरते. कोंबडीच्या पेशीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रे असतात आणि कोंबड्याच्या पेशीत दोन्ही झेड असतात. बीजांडात कोणते आले यावर नर की मादी हे ठरून जाते, आणि कवच त्यानंतर चढते. अंड्याचा आकार ते अंडनलिकेतून कसे येते यावर अवलंबून असतो. एक कोंबडी बहुधा जन्मभर एकाच घाटाची अंडी घालते, आणि तरीही तिच्या पिल्लांत नर-मादी दोन्ही असतात, हे आजींनाही घरात दाखवता येईल. निम्मे नर निघणार हे गृहीत धरूनच अंडी ठेवावीत. गावठी पिल्लांत पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत तुऱ्याचा रंग आणि उंची यांवरून फरक बराच कळू लागतो.

प्रश्न : पिल्लाने अंड्याला टोच मारून अर्धा दिवस झाला तरी ते बाहेर आले नाही. आम्ही कवच सोलून काढले, रक्त आले आणि पिल्लू मेले. (पलूस तालुका)

उत्तर : टोच मारल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे स्वाभाविक आहे. वरून ते थांबलेले वाटते, पण आत त्या वेळी दोन कामे चालू असतात. कवचाच्या आतील त्वचेतल्या शिरांमधले रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. हे संपण्यापूर्वी कवच सोलले की तुम्ही पाहिले तेच होते. याच बलकावर बाहेर आलेले पिल्लू दोन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरू शकते. पहिले पिल्लू निघाले म्हणून कोंबडीला घाईने उठवू नये, बाकीच्यांसाठी आणखी एक दिवस तिला बसू द्यावे.

प्रश्न : पिल्ले दहा दिवस चांगली असतात, मग पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते आणि रोज दोन-तीन मरतात. ऊब देण्यासाठी बल्ब लावला आहे. खाद्य म्हणून तांदळाची कणी देतो. (कोरेगाव तालुका)

उत्तर : ही बहुधा रक्ती हगवण आहे, आणि तिचे मूळ ओल्या भुशात असते. विष्ठेतून बाहेर पडलेले सूक्ष्म जंतू ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि पिल्ले ते दाण्याबरोबर टिपतात. ज्या पिल्लांना ती झाली आहे त्यांच्यासाठी आजच पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाण्यातून देण्याचे औषध घ्यावे. घरगुती उपायांत एकही दिवस घालवू नये, कारण हा रोग झपाट्याने पिल्ले नेतो. सोबतच जुना भुसा पूर्ण काढून लांब टाकावा, जमिनीवर चुना पसरून नवा, कोरडा भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे. पाणी सांडते ती जागा हेच या रोगाचे घर आहे.

बल्बविषयी दोन शब्द. हल्लीचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या तारेचाच बल्ब लागतो, आणि दर पिल्लामागे दोन वॅट हे प्रमाण पुरते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या पातळीवर 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करीत जावे. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, चोच उघडून कडेला पळाली असतील तर उकडते आहे, सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर ऊब बरोबर आहे. पुठ्ठ्याचे कडे गोल करावे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात गर्दी करून खालची पिल्ले चेंगरून मरतात. खाली वर्तमानपत्र घालू नये, त्यावर पाय घसरून फाकतात आणि पुन्हा जुळणे अवघड जाते.

नुसती कणी हे पोट भरण्याचे साधन आहे. पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लाच्या खाद्यात सुमारे 20 टक्के प्रथिने लागतात आणि कणीत ती आठ टक्क्यांच्या आसपासच असतात. पहिला महिना तरी बाजारातले पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. पुढे मक्याचा भरडा, बुरशी नसलेली शेंगदाणा पेंड आणि थोडी दळलेली सुकट चालते. शेणाने आणि ओल्या गोणपाटाने भरलेले मडके वाळवी असलेल्या जागी रात्रभर पालथे ठेवले की सकाळी वाळवीचा चांगला खुराक मिळतो. माण-खटावच्या वस्त्यांवर ही पद्धत आजही उपयोगाची आहे.

प्रश्न : दरवर्षी मानमोडी येते आणि सगळे खुराडे रिकामे करून जाते. आमच्या वस्तीवर दहा-बारा घरांत मिळून शंभरेक कोंबड्या आहेत. लस विचारली तर मोठ्या पॅकमध्येच मिळते असे सांगतात. (खटाव तालुका)

उत्तर : या पत्राने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण हे नुकसान टळण्यासारखे आहे. मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, औषध नाही. मान वळणे, हिरवट हगवण, श्वासाला घरघर आणि पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसू लागली की उरलेल्या कोंबड्या वाचवण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. लस मात्र खात्रीची आहे.

पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना राणीखेतच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या-सातव्या आठवड्यात पंखाच्या पातळ कातडीत देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच अधिक जोरकस लस टोचून, हा साधारण क्रम आहे. आर-टू-बी लहान पिल्लांना कधीही देऊ नये, ती त्यांना झेपत नाही.

पॅक मोठा असतो हे खरे आहे, आणि लस एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणूनच हे काम एका घराचे नाही. दहा-बारा घरांनी मिळून रवणी एकाच आठवड्यात बसवाव्यात, म्हणजे पिल्ले एका वयाची राहतात आणि एका कुपीत सगळ्यांचे भागते. खर्च वाटला की दर पक्ष्यामागे तो अगदी थोडा पडतो. लस आणताना बर्फ घातलेला थर्मास न्यावा आणि काम भल्या सकाळी, सावलीत उरकावे. उन्हात राहिलेली कुपी म्हणजे पाणीच. लस निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. माहितीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहेच, आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. आणि आजारपण सुरू झाल्यावर उरलेल्या कोंबड्या घाईने आठवडी बाजारात नेऊन विकणे ही सवय वस्तीने ठरवून सोडावी, कारण रोग एका गावातून दुसऱ्या गावात प्रामुख्याने असाच जातो. बाजारातून आणलेला पक्षीसुद्धा दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवून मगच कळपात सोडावा.

प्रश्न : गिरिराज कोंबड्या पाळल्या आहेत, त्या खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवली तर गिरिराज पिल्ले मिळतील का? (मिरज तालुका)

उत्तर : पिल्ले मिळतील, पण ती आईबापांसारखी असतीलच असे नाही. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया हे संकरातून तयार केलेले पक्षी आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीत वजन आणि अंडी दोन्ही कमी-जास्त होतात. दर खेपेला नवी पिल्ले अधिकृत उबवणी केंद्रातून घेणे आणि ती रात्री अंधारात खुडूक गावठी कोंबडीच्या पंखांखाली सरकवणे हा मार्ग चांगला. एकाच दिवसाची पिल्ले असतील तर ती सहसा स्वीकारते. गावठी वाण राखायचे असेल तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा आणि दरवर्षी तो दुसऱ्या गावातून बदलून आणावा.

प्रश्न : खुडूक कोंबडी मोडण्यासाठी आमच्याकडे तिच्या नाकात पीस खुपसतात किंवा तिला पाण्यात बुडवतात. दुसरा उपाय आहे का? (जावळी तालुका)

उत्तर : आहे, आणि ते दोन्ही उपाय कृपा करून बंद करावेत, नाकातल्या पिसाने तिला जखम होते आणि भिजवल्याने थंडी बाधते. कोंबडीला खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, उजेडाच्या जागी तीन-चार दिवस ठेवावे. दाणा-पाणी नेहमीप्रमाणे द्यावे. पोटाखालची ऊब आणि अंधार गेला की बसण्याची ओढ उतरते, आणि दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालू लागते.

प्रश्न : कृष्णाकाठी आमच्याकडे बदके आहेत. बदकाची अंडी कोंबडीखाली चालतील का? (वाळवा तालुका)

उत्तर : चालतात, पण बदकाच्या अंड्याला एकवीसऐवजी अठ्ठावीस दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांबरोबर ती एकाच दिवशी ठेवू नयेत, नाहीतर पिल्ले निघाली की कोंबडी उठून जाते आणि बदकाची अंडी अर्धवट राहतात. अंडी मोठी असल्याने पाच-सहाच ठेवावीत, आणि ती कोंबडीला नीट उलटता येत नसतील तर ती दाण्यासाठी उठेल तेव्हा हाताने फिरवून द्यावीत.